एकाहत्तर वाय भागिले एम

आता तुम्हाला काय सांगू, माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. पहिलं रक्त उजव्या हातातून दिलं की डाव्या, छातीठोक सांगवत नाही. पण गाढवपणा माझाच होता, एवढं नक्की!

करोनाची लस घेऊन महिना झाला होता. रामटेकला मुलीकडे नात जन्मली होती, रविवारी बारसं. तिला मांडीवर घ्यायची मला कोण ओढ! पण माझ्यामुळे त्या जिवाला काही झालं तर? म्हटलं, आधी रक्तातल्या अँटिबॉडी तपासू.

सोमवारी महाल भागातल्या लॅबचा आकडा आला: दोनशे बारा. मी थक्क! न पाहिलेल्या शत्रूसाठी, मी घोरत असताना, आत एवढी फौज उभी राहिली? आणि ती बोटभर नळीत मोजता येते? चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण स्वतःच्या शरीराला हात जोडले ते त्या दिवशी.

तिथे थांबायला नको? पण स्वभाव! शुक्रवारी दुसऱ्या लॅबमध्ये पडताळा घेतला. रिपोर्ट मोबाइलवर आला. मी घरातही दोन मास्क लावायचो, त्यामुळे चष्म्यावर वाफ. आकडा दिसला एकाहत्तर.

चार दिवसांत एकशे एक्केचाळीस गेल्या! आलेखाचा कागद काढला, सरळ रेघ ओढली. रविवारी, ऐन पाळण्याच्या वेळी, उरणार होती अर्धी अँटिबॉडी.

"काहो, नातीले पाहाले चालता का रेघाच ओढत बसता?" बायकोनं विचारलं.

मी येत नाही म्हटलं. भरलेल्या बॅगेतून माझा सदरा काढून तिनं खुंटीला लावला. त्या सदऱ्याकडे मला बघवेना.

शेवटी प्रमोदला फोन केला. माझा जुना विद्यार्थी, वाडीला एका लॅबमध्ये तंत्रज्ञ. त्यानं समजावलं की प्रत्येक लॅबची किट वेगळी, मोजमाप वेगळं; हा आकडा त्या आकड्याशी लावायचाच नसतो.

"सर, एकक काय लिहून आहे?"

मी गार. एकक! ते न लिहिणाऱ्याचा अर्धा मार्क मी जन्मभर कापला. प्रमोदचाही कापला होता. चष्मा पुसून वाचलं, "एकाहत्तर वाय भागिले एम."

"वाय भागिले एम?" त्यानं विचारलं.

"तसंच छापलंय. कोणती पद्धत रे ही?"

"नवीन असंन, सर," तो जपून म्हणाला. "तुमाले ताप-खोकला नाही ना? मग मास्क लावून जा बारशाले. आकडा काही बी असो, मास्क तं लावाच लागते."

सदरा पुन्हा बॅगेत गेला. नातीनं माझं बोट धरलं. ज्या मुठीत तांदळाचे चार दाणे मावायचे नाहीत, तिची पकड एवढी! मी अँटिबॉडी विसरलो.

एकक मात्र विसरलो नाही. बागेतल्या आमच्या ज्येष्ठ मंडळाला मी ही नवी पद्धत वर्षभर समजावून सांगितली. दोघांनी वहीत उतरवूनही घेतली!

परवा, चार वर्षांनी, फायली आवरताना त्या रिपोर्टची छापील प्रत सापडली. एकाहत्तर वाय भागिले एम माझ्या नावाच्या शेजारी होतं. वय एकाहत्तर इयर्स, मेल. अँटिबॉडी खाली, वेगळ्या चौकटीत, भरपूर होत्या.

प्रमोदला कळवलं.

"मले तेव्हाच समजलं होतं, सर," तो म्हणाला. "उत्तर चूक होतं. पण वयाचं एकक बरोबर सांगतलं तुमी, अर्धा मार्क देऊन टाकतो."