ताईची साधी गाठ

मुलुंडच्या जकात नाक्यावर एसटी थांबली. कंडक्टरने टपावरून माझी वळकटी अशी काही खाली टाकली की आतली आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) बाटली फुटली आणि पांघरूण लालभडक झालं. आधीच माझं डोकं तापलेलं होतं. ताईचं चार ओळींचं पत्र आलं होतं: सुलूचं लग्न ठरलंय, पंधरा दिवसांत करतोय, तू ये. सुलू माझी भाची. अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होती आणि वर्गात पहिली यायची. मी राजापूरला शाळेत शिकवते, त्यामुळे ती ओळ वाचून मी कशी भडकले असेन ते सांगायला नको.

नाक्यावरून भांडुपला जाणारी बस मिळाली. आग्रा रोडच्या दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, मध्येच म्हशींचा गोठा, मध्येच एखादं भाताचं खाचर. चाळ डोंगराच्या उतारावर होती. चढताना मला दोनदा थांबावं लागलं.

ताई निम्मी झाली होती.

"छातीत गाठ आली होती गं," तिने पाणी देताना सांगितलं. "घाटकोपरच्या डॉक्टरांनी काढली. उद्या टाके काढायचेत."

"तपासणीत काय निघालं?"

"साधी गाठ म्हणतात."

"मग चांगलंच की!"

ताई हसली. "शेजारच्या परबकाकूंनाही हेच डॉक्टर साधीच म्हणाले होते. गणपतीला मोदक केले त्यांनी. दिवाळी नाही बघितली. माझ्यादेखत सुलूचं झालं की सुटले."

मी भावोजींना बाहेर गॅलरीत गाठलं. रिपोर्ट इंग्रजीत होता. त्यांनी कारखान्यातल्या क्लार्ककडून वाचून घेतला होता.

"तो पण म्हणाला, वाईट काही नाही. पण तो तरी कशाला खरं सांगेल?"

आता बोला! या चाळीत रीतच ती. वाईट रोगाचं नाव रोग्यापुढे काढायचं नाही. घरच्यांनी डॉक्टरांचे पाय धरायचे, डॉक्टरांनी 'साधी गाठ' म्हणायचं आणि सगळ्या मजल्याने माना डोलवायच्या. मग एखादीची गाठ खरोखर साधी निघाली, तर तिने विश्वास ठेवायचा कुणावर? माणूस चंद्रावर उतरून आला होता आणि इथे एक धडधाकट बाई मरायची तयारी करत बसली होती. सुलूची पुस्तकं दोरीने बांधून माळ्यावर गेली होती. दहिसरचं स्थळ होतं, मुलगा फिटर. रात्री ताईने बांगड्याचं तिखलं (आमटीहून दाट कालवण) केलं होतं. एरवी मी बोटं चाटली असती, त्या दिवशी अर्धं ताट तसंच सोडलं.

सकाळी आम्ही तिघं घाटकोपरला गेलो. डॉक्टर वयस्क, मऊ बोलणारे. टाके काढून म्हणाले, "गाठ सुटी होती, अलगद निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, पसरणाऱ्यातली नाही. निश्चिंत राहा."

ताईने मान हलवली आणि पदर सारखा केला. एका शब्दावरही तिचा विश्वास नव्हता. माझा संयम सुटला.

"डॉक्टर, परबकाकूंना काय सांगितलं होतंत?"

"त्यांचा इथे काय संबंध?"

"सगळा संबंध त्यांचाच आहे. हिच्या मुलीची शाळा सुटतेय त्यापायी."

ते भावोजींकडे बघू लागले. भावोजी जमिनीकडे. तेव्हा ताईच बोलली, "त्यांना पण साधीच म्हणालात ना?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "हो. त्यांच्या यजमानांनी पाय धरले होते."

"म्हणजे खोटं बोललात."

"खोटं बोललो, बाई."

"आणि माझ्या वेळी? यांनी पाय धरले?"

"नाही. हे रिपोर्ट घेऊन गेले, एक अक्षर बोलले नाहीत."

ताईने भावोजींकडे बघितलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग ती टेबलावर डोकं टेकून रडली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

घरी येताच तिने स्वतः माळ्यावर चढून पुस्तकं काढली. सुलू दोरी सोडत बसली. दहिसरचे लोक फार चिडले. चिडू देत.

माझा राग मात्र अजून गेलेला नाही. परबकाकूंना वेंगुर्ल्याला माहेरी जायचं होतं. दिवाळीनंतर जाऊ, असं सगळ्यांनी सांगितलं. सगळ्यांना ठाऊक होतं, एक त्या सोडून. शेवटचे तीन महिने बाईचे स्वतःचे होते. ते चोरायचा अधिकार यांना दिला कुणी?

चार दिवसांनी राजापूरच्या स्टँडवर उतरले तर आई येऊन उभी होती. ताईच्या गाठीचं मी पोचल्या दिवशीच तिला पत्राने कळवलं होतं.

"काय निघालं?"

"साधी गाठ आहे, आई. खरंच साधी. मी स्वतः डॉक्टरांना विचारलं."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी शपथ घेतली. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली.

"तू तरी दुसरं काय सांगणार, बाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत पुढे चालू लागली.