कचरू पेंटरचा पहिला थर

भोकरदनला आमच्या आळीत एक मारुती आहे. त्याला शेंदूर लावायचं काम एकोणचाळीस वर्षं कचरू पेंटरकडे आहे. कचरू आणि मी चौथीत एकाच वर्षी नापास झालो. मी पुन्हा बसलो, त्याने बापाचा ब्रश धरला. बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं त्याने रंगवलं. एकदा एका उमेदवाराचं चिन्ह त्याने इतकं देखणं काढलं, की पडल्यावरही त्या माणसाने भिंत पुसू दिली नाही. पण ते असो. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या. ट्रॅक्टर आले, गाड्या गेल्या. मारुती राहिला. दर हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी शेंदूर तेलात कालवून जुन्या थरावर नवा थर चढवायचा. मजुरी एक नारळ.

मागच्या उन्हाळ्यात मारुतीच्या खांद्यापाशी भेग पडली. अशी भेग पडली की देव कवच, म्हणजे शेंदराचे साचलेले थर, सोडतोय असं आम्ही मानतो. मग ते कवच उतरवून नदीत सोडायचं आणि नवा शेंदूर लावायचा. देवळाचा कारभार अप्पाराव बघतात. त्यांनी शनिवार ठरवला.

त्याच आठवड्यात जालन्याहून गंधाली आणि मुकुल आले. ही मंडळी पगारी नव्हेत. सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या पेट्रोलवर फिरतात, गावोगावच्या जुन्या शिळा, बारवा, दरवाजे यांचे फोटो काढतात आणि इंटरनेटवर ठेवतात. कुणीही बघावे, कुणीही फुकट वापरावे. कवच उतरणार म्हटल्यावर गंधालीचे डोळेच चमकले. अप्पारावांना म्हणाली, "आजोबा, शेंदराखालची मूर्ती कुणी पाहिलेली नाही. आम्हाला फोटो घेऊ द्या. थरांचेही घेऊ."

अप्पाराव बिलकुल राजी. गावही राजी. एकटा कचरू उठून गेला.

संध्याकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"बाप गेल्यावर पहिलीच जयंती व्हती," तो म्हणाला. "शेंदराची पुडी रांजनात पडली. दुकानं बंद झाल्ती. घरात गाडीच्या रंगाचा डबा व्हता, केशरी. तोच लावला. सकाळी समदं गाव पाया पडून ऱ्हायलं. मंग कोणाला सांगू?"

"मला तर सांगायचं."

"तुला सांगितलं म्हंजी बाजारात दवंडी."

त्यात खोटं काही नव्हतं.

"आता त्यो रंग निघनार," तो म्हणाला. "ही पोरं फोटो काढनार, समद्या दुनियेला दिसनार. बापाचं नाव गेलं समज."

शनिवारी सकाळी देवळापुढे माणसं जमली. मुकुलने कॅमेरा तिपाईवर चढवला. कचरू ब्रश, खरवडायची पट्टी आणि कालवलेल्या शेंदराची वाटी घेऊन आला आणि आडवा उभा राहिला.

"देवाचे कपडे बदलताना फोटो काढता का? आधी चादर धरा. समदं झालं की मंग काढा."

बायकांना हे पटलं. त्याची बायको कौसल्या चादरीचं एक टोक धरून म्हणाली, "घरात अंगात बनियन घालत न्हाई, अन् देवाला पडदा."

चादरीआड कचरू एकटा गेला. ठोकल्याचे दोन-चार आवाज आले. मग कवच निसटून पडलं. भाताच्या पातेल्याची खरवड निघावी तसं, अख्खं. मग काहीच ऐकू येईना.

मला माहीत होतं आत काय चाललंय. वाटी हातात होती. दोन हात फिरवले की काम बराबर झाकलं जाणार होतं.

बराच वेळ गेला. अप्पाराव म्हणाले, "कचरू, देव उठून गेला का?"

कचरूने आतूनच चादर बाजूला केली. मारुती तिथेच होता, पण काल रंगवल्यासारखा केशरी, चकचकीत. शेंदूर त्या रंगाला धरलाच नव्हता. अडतीस थर त्याच्यावरून घसरून पायाशी पडले होते. जुनी मूर्ती अजून रंगाखालीच.

"गाडीचा रंग हाय," कचरू म्हणाला. "मीच लावल्ता, पयल्या साली. आता झाकला असता, पर याच्यावर शेंदूर टिकत न्हाई. फिरून असाच पडल. मी नसल तवा लोक दुसऱ्याच कोनाला बोल लावतील."

अप्पाराव काठी टेकत जवळ गेले, वाकून बघितलं, नखाने खरवडलं.

"त्या साली पोरीच्या लग्नाला माझी गाडी तूच रंगवल्ती ना?"

"हौ."

"दोन चाकांतलं एकच रंगवलं तू. म्हन्ला डबा संपला."

"हौ."

"वऱ्हाड एका केशरी चाकावर गेलं माझं. व्याही अजून ईचारतो." अप्पाराव लोकांकडे वळले. "रंग माझ्या घरचा हाय. देवाला गेला. जाऊ द्या."

मग हसू फुटलं. आधी बायकांत, मग सगळीकडे.

कचरूने पुढचे चार दिवस टर्पेंटाइनच्या बोळ्याने तो रंग उतरवला. खाली त्याच्या बापाच्या हातचा जुना शेंदूर निघाला, घट्ट, भेग नसलेला. त्याला कुणी हात लावला नाही. मूर्ती किती जुनी ते गंधालीला कळलं नाहीच.

पण त्या दिवशी तिने चकचकीत मारुतीचा फोटो घेतला आणि कचरूला विचारलं, "काका, हा ठेवू का? एकदा ठेवला की सगळ्यांना दिसेल."

तो म्हणाला, "ठेव. पर जवळून घे. ब्रशचा हात दिसला पायजे."

आता तो फोटो मोबाइलवर कुणालाही दिसतो. खाली लिहिलंय: रंगकाम कचरू पेंटर, भोकरदन. अप्पारावांनी गंधालीला दोनदा फोन करून आणखी एक ओळ घालायला लावली: रंग, अप्पाराव यांच्या गाडीचा.