कमेंटचा बाक

आमच्या भूगोलाच्या मॅडमपाशी जाऊन कोणी नुसतं "आज लय ऊन हाय" म्हटलं, तरी त्या विचारायच्या, "कोनं पाह्यलं?" मग घाम पुसत सांगावं लागे, "मी पाह्यलं मॅडम, आत्ताच वावरातून आलो." तेव्हा कुठं त्यांचं समाधान होई. "मंग ठीक हाय," म्हणायच्या, "लिव." या सवयीपायी शाळेत त्यांचं नावच 'कोनं पाह्यलं मॅडम' पडलं. हे त्यांनाही ठाऊक होतं. एकदा एका वात्रट पोरानं ते फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं. मॅडमनी ते पुसलं नाही. राहिलेल्या जागेत अक्षांश-रेखांश काढले आणि तास सुरू केला.

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. चारी बाजूंनी धानाची बांधी, एका अंगाला तलाव आणि तलावाच्या पाळीखाली आमची जिल्हा परिषदेची शाळा. मॅडम इतिहासही शिकवायच्या. दोन्ही विषय त्यांना एकच वाटायचे. "आधी कुठं ते पाहा," त्या म्हणायच्या, "कवा ते मंग हुडकू." त्यांचं माहेर देवरीकडचं. त्या जन्मल्या तेव्हा ते भंडारा जिल्ह्यात होतं, पुढे जिल्हा फुटला आणि ते गोंदियात गेलं. "माह्यं माहेर इंचभर हाललं नाही," त्या सांगायच्या, "तरी परजिल्ह्यात गेलं. तिथल्या कोंबड्याले अजून पत्ता नाही." वर्गातला नकाशा जुना, अखंड भंडाऱ्याचा होता. मॅडमनी त्याच्यावर लाल लोकरीचा धागा डिंकानं चिकटवून नवी सीमा केली होती. पावसाळ्यात डिंक सुटून धागा लोंबायचा आणि गोंदियातली बरीच गावं परत आमच्याकडे यायची. त्या दिवशी मॅडम खुशीत असत. "आज माह्यं माहेर वापस आलं," म्हणत आणि धागा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवत.

मी आठवीत असताना त्यांच्या डोक्यात ब्लॉगचं खूळ शिरलं. शाळेच्या संगणक खोलीत पाच संगणक होते, त्यांपैकी दोन चालू, आणि तेही वीज असेल तेव्हा. इंटरनेटची दांडी, म्हणजे डोंगल, मॅडमनी स्वतःच्या पगारातून आणली होती. ती फक्त खिडकीच्या वरच्या गजाला बांधली की चालायची, म्हणून एक लांब वायर तिथवर नेली होती. खिडकीत कावळा बसला की नेट जायचं, असं आमचं ठाम मत होतं. मॅडमनी विचारलंच, "कोनं पाह्यलं?" आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे खिडकीपाशी कायमचा एक कावळा हाकलणारा नेमण्यात आला.

ब्लॉगवर आपल्या गावाचा भूगोल आणि इतिहास लिहायचा, आणि पुस्तकातलं एकही वाक्य घालायचं नाही, एवढा एकच नियम. माझ्या वर्गमित्रानं पहिल्याच लेखाची सुरुवात 'भंडारा हा तलावांचा जिल्हा आहे' अशी झोकात केली. मॅडमनी विचारलं, "तू किती तलाव पाह्यले?"

"एक."

"मंग एकाचं लिव."

त्यानं एकाचं लिहिलं, आणि खरं सांगते, ते फार चांगलं उतरलं. दुसऱ्या एकानं चिखल्याच्या खाणीत काम करणाऱ्या मामाच्या डब्याबद्दल लिहिलं. मँगनीजची काळी भुकटी त्या डब्याच्या झाकणाच्या खाचेत इतकी बसली होती की मामी घासून थकली होती. तुमसरच्या राईस मिलजवळ ज्यांचे नातेवाईक राहत, त्या मुलीनं कोंड्याच्या वासावर लिहिलं. माझी बोटं की-बोर्डवर भराभर चालायची म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं. मी फार मिरवायचे.

प्रत्येक लेखाखाली कमेंटची जागा असते, वाचणारे तिथं आपलं मत देऊ शकतात, हे मॅडमनी आम्हाला समजावलं. आम्ही ते घरोघरी सांगितलं, लेखही वाचून दाखवले. आणि इथं आमच्या गावानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गावानं केलं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याच दिवशी खांद्यावर दुपट्टा टाकलेले एक म्हातारे शाळेच्या फाटकात येऊन उभे राहिले. "मले कमेंट द्याची हाय," म्हणाले. "कोनापाशी द्याची?"

आमचे हेडसर गोंधळले. मॅडम मात्र धावत बाहेर आल्या. कडुनिंबाखाली एक जुना बाक पडला होता, तो झटकला. "बसा जी," म्हणाल्या, आणि मला हाक मारली, "कागद घेऊन ये. बाबा जे बोलतीन ते जसंच्या तसं लिव. एक शब्दबी सुधरवाचा नाही." म्हाताऱ्यांनी मांडी घालून सांगितलं की बाजारावरच्या लेखात दिवस बरोबर आहे, पण बाजार आधी शाळेच्या मागं भरे, आणि तो हलला तो एका पिसाळलेल्या बैलापायी. ते मी त्यांच्याच बोलीत टाइप केलं. गावात ही बातमी पसरली आणि कडुनिंबाखालच्या बाकाला कमेंटचा बाक हे नाव पडलं. दुपारच्या सुट्टीत कोणी ना कोणी बसलेलं असेच. एक आजी तर लेख न वाचताच यायच्या. "कशावर हाय जी आज?" विचारायच्या, विषय ऐकायच्या, आणि नातसुनेविषयी बोलून जायच्या. मॅडम तेही लिहून घ्यायला लावत. मला वैताग यायचा. मॅडम म्हणायच्या, "पहिले माणूस बोलू दे. कामाचं मागून येते."

तसं ते माझ्याच घरातून आलं. तलावाच्या लेखात माझ्या वर्गमित्रानं लिहिलं होतं की हा तलाव कधीच आटला नाही आणि गावात कोणालाही पाण्याचा त्रास झाला नाही. हे त्यानं स्वतः पाहिलं नव्हतं, पाटीलबाबांना विचारलं होतं. पाटीलबाबा म्हणजे गावचे मोठे शेतकरी आणि शाळा समितीचे अध्यक्ष. मी तो लेख माझ्या आजाला वाचून दाखवला. सोमाजी त्याचं नाव. आजा जन्मभर वावरात राबलेला, मोजकं बोलणारा. तो उठला, पांढरी टोपी घातली आणि सरळ बाकावर जाऊन बसला.

"लिव," मला म्हणाला. "तलाव आटला होता. मी लायना पोट्टा होतो. आमी बौद्ध व्हाच्या आधीची गोठ. गावच्या विहिरीवर आमच्या मोहल्ल्याले घागर बुडवू देत नोते. आमी तलावाचंच पानी पेत होतो. तलाव आटला तं माह्या बापानं आन् त्याच्या भावाईनं तलावाच्या पोटात विहीर खंदली. दगडं लावून बांधली. पिंपळाच्या अंगाले हाय. पान्याखाली हाय, म्हनून कोनाले दिसत नाही."

हे त्यानं घरात कधीच सांगितलं नव्हतं. मॅडमनी हळूच विचारलं, "कोनं पाह्यली जी विहीर?" आजा म्हणाला, "मी पाह्यली. बापाच्या डोक्यावरचं टोपलं मी उतरवलं."

कमेंट ब्लॉगवर गेली आणि पाटीलबाबा शाळेत आले. ते ओरडले नाहीत. त्यांच्या घरात ओरडायची पद्धत नव्हती. एवढंच म्हणाले, "माह्या बापानं कोनाले पानी नाही म्हटलं नाही. तलावात विहीर हाय असं मी जलमात आयकलं नाही. सोमाजी खोटं बोलून राहिला. ते काढा, नाहीतं हे कम्प्युटर बंद." हेडसरांनी मॅडमकडं पाहिलं. मला वाटलं, संपलं. ब्लॉग जाईल, आणि त्याहून वाईट म्हणजे माझा आजा खोटारडा म्हणून गावात राहील.

मॅडमनी बाकाकडं हात केला. "बसा जी पाटीलबाबा. तुमचीबी कमेंट लिवून घेतो, सोमाजीबाबाच्या खालीच टाकतो. काढाचं म्हनाल तं मी काढत नाही. उन्हाळ्यात तलाव खाली जाईन. तवा आपुन सगळे पाहाले जाऊ. विहीर नसन तं माह्या हातानं काढीन, आन् पुऱ्या शाळेसमोर माफी मागीन."

"आन् असन तं?"

"मंग तुमी पुन्हा बाकावर या."

पाटीलबाबांनी कमेंट दिली. ती मी जशीच्या तशी टाइप केली. दात-ओठ खात, पण एक शब्द न बदलता.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. सगळं गाव आभाळाला नावं ठेवत होतं आणि मी चोरून तलाव आटायची वाट पाहत होते. मॅडमही पाहत असाव्यात, कारण रोज तुमसरहून शाळेत येताना त्या स्कूटी पाळीवर थांबवून उभ्या राहायच्या. वैशाखात पाणी मधल्या डबक्यापुरतं उरलं. शाळेला सुट्टी लागली होती, तरी मॅडम तुमसरहून आल्या. डोक्याला स्कार्फ, हातात चपला, आणि मागं आम्ही पोट्टे, आजा, पाटीलबाबा, त्यांचे दोन नातू आणि निम्मं गाव.

पिंपळाच्या अंगाला काहीच नव्हतं. भेगा पडलेला गाळ, बस. एक नातू काठीनं टोचत फिरला. आजाचा चेहरा उतरला. "इथंच होती," तो म्हणत राहिला. मॅडमनी पदर खोचला. "तलाव मोठा हाय," म्हणाल्या. "पोट्टेहो, पसरा."

विहीर सापडली ती दुसऱ्या टोकाला, मोहाच्या झाडासमोर. गाळात बुडालेलं दगडांचं गोल कडं, एका बाजूनं ढासळलेलं. पहिल्यांदा पाय लागला तो पाटीलबाबांच्या धाकट्या नातवाचा. आजा तिथं येऊन खाली बसला आणि एकेका दगडावरचा गाळ तळव्यानं पुसू लागला. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी रडले, आणि ते लपवायचं काही कारण नाही.

"सोमाजी," पाटीलबाबा म्हणाले, "जागा तं चुकलास तू."

"जागा चुकलो जी," आजा म्हणाला. "पानी नाही चुकलो."

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच पाटीलबाबा बाकावर येऊन बसले. आजा आधीच बसलेला होता. तो जरा सरकला. "लिव पोरी," पाटीलबाबा मला म्हणाले. "विहीर हाय. मी म्हनलो तवा मले माहीत नोतं. माह्या बापाले माहीत असन, पन तो आमाले सांगून गेला नाही." मग मॅडमकडं वळून त्यांनीच विचारलं, "आता पुसा ना जी, कोनं पाह्यलं." मॅडमनी विचारलं नाही. चहा मागवला. आणि आजाच्या कमेंटखाली माझ्याकडून एक ओळ टाकून घेतली, 'विहीर पिंपळापाशी नाही, मोहापाशी आहे.' चूक ती चूक, मग ती कोणाचीही असो.

तो ब्लॉग अजून आहे. मी आता नागपूरला नोकरी करते. कार्यालयात कोणी छातीठोकपणे काही सांगू लागलं की माझ्या तोंडून मॅडमचा प्रश्न निसटतो आणि लोक दचकतात. कधी घरची फार आठवण आली तर मी तो लेख उघडते आणि खाली सरकत जाते. आजा आता नाही. पण "लिव" म्हणून सुरू झालेलं त्याचं बोलणं तिथं त्याच्याच शब्दांत आहे, आणि त्याच्या लगेच खाली पाटीलबाबा आहेत.

मी दहावीत असताना मॅडमची बदली झाली. त्यांचे वडील थकले होते म्हणून मॅडमनीच गोंदिया जिल्हा मागितला होता. लाल धाग्यापलीकडं, माहेरी. निरोपाला कडुनिंबाखाली सतरंज्या अंथरल्या, शाल-श्रीफळ झालं, हेडसरांनी लांबलचक भाषण केलं आणि मॅडमना बोलायला सांगितलं. त्या उठल्या, माइककडं गेल्याच नाहीत. बाकावर जाऊन बसल्या.

"मले कमेंट द्याची हाय," म्हणाल्या, आणि मला खुणावलं.

सगळे हसले. मी कागद घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. त्यांनी सांगायला सुरुवात केली. "या गावातल्या पोरी-पोट्ट्याईनं गावाले इचारलं. गाव पहिले रागावलं. मंग गाव बोलाले लागलं." एवढं सांगून त्या थांबल्या. मी लिहून झाल्यावर मान वर केली, आणि काही न ठरवता, निव्वळ सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कोनं पाह्यलं मॅडम?"

या वेळी कोणी हसलं नाही. मॅडमनी शालीच्या टोकानं डोळे टिपले.

"मी," त्या म्हणाल्या. "मी पाह्यलं. लिव."