गारांच्या दिवशी कोण ओरडलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सोमवारी महादेवासमोर हात जोडतो, तिथंही हा विषय सफाईनं टाळतो. मग तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता ऐकणारं कुणीतरी हवंच झालंय — ते असू द्या.

लातुरात मी एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो. ते दिवसच क्लासचे होते — गल्लोगल्ली पाट्या, चौकाचौकात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांचे फोटो, आणि नायगाव-भोकरपासून पोरं ट्रंका घेऊन उतरायची. एवढ्या मास्तरांच्या गर्दीत माझं नाव कशानं झालं? वादळानं. आभाळ भरून आलं की मी हातातलं गणित सोडून द्यायचो. तापलेली जमीन, वर चढणारी दमट हवा, ढगात खालीवर हेलकावे खात जाड होत जाणारी गार — परीक्षेत यातलं काही येत नसे, तरी सांगायचो. एकदा तर गार ब्लेडनं कापून आतले कांद्यासारखे पदर दाखवले होते. पोरं खूश. मी त्यांच्याहून खूश. आणि दरवेळी बजावायचो — गारा, विजा असल्या की स्लॅबखालून हलायचं नाही. मोकळ्यावर तर मुळीच नाही.

पण आमच्या भागाला दुसराही एक धडा पाठ होता, आणि तो नेमका उलटा. भूकंपानंतर आमच्याकडची माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपली. मांडणीवरचं भांडं वाजलं तरी आधी घराबाहेर, मग विचार. पोराला क्लासला घालताना बाप आधी दार कुठं आहे ते बघायचा. वर्गाच्या दाराला कडी लावायची नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं. मी स्वतः नववीत असताना ढिगाऱ्याखालून निघालो होतो. आई निघाली नाही. हे मी निमित्त म्हणून सांगत नाही — तसं वाटलं तर हे शेवटचं सोडून द्या.

इथवर बरं सांगता आलं. नेहमीच येतं. मनातल्या मनात इथपर्यंत मी हजारदा आलोय आणि परत फिरलोय.

शिवरात्र होऊन गेली होती, रानात ज्वारी उभी होती. दुपारी एकाएकी अंधारून आलं. लाइट गेली. वारा असा सुटला की खिडकीची काच फुटून बाकांवर पडली. वर गच्चीत पत्र्याची शेड होती, वाढलेल्या बॅचसाठी घाईघाईत ठोकलेली. त्या दिवशी रिकामी होती. तिचे पत्रे दाणदाण आपटायला लागले. मग लांबून घरघर आली — जात्यासारखी, जमिनीतून आल्यासारखी. गारांचा पट्टा पुढं सरकत येतो तेव्हा असाच आवाज येतो. हे मीच शिकवत होतो ना? तेवढ्यात वीज अगदी शेजारी कडाडली. भिंत थरथरली. आणि —

“भूकंप! भायेर पळा!”

तो आवाज सगळ्यांनी ऐकला. बारीक, चिरकलेला, एखाद्या पोरीचा वाटावा असा. तो माझा होता.

सगळ्यांच्या आधी पळालोही मीच. दाराबाहेर जिन्याखाली पोचलो आणि लिंबाएवढ्या गारा आपटताना पाहिल्या. त्याच क्षणी कळलं. जमीन हलत नव्हती. पोरं मात्र एकमेकांना तुडवत, मला ढकलत समोरच्या मोकळ्या प्लॉटात चालली होती — भूकंपात जायचं तिथं. “माघारी फिरा” — एवढं पुरे होतं. घसा कोरडा पडला होता असं म्हणू का? नाही. आवाज होता. पण मी आता ओरडलो तर मघाशी कोण ओरडलं तेही कळेल. एवढा हिशेब माणसाला त्या क्षणी सुचतो का? मला सुचला. मी जिन्याखाली कोरडा उभा राहिलो.

पोरं डोकी हातांनी झाकून उघड्यावर उभी होती. टाळकी फुटत होती. कुणी आईला हाका मारत होतं, कुणी तोंडावर पडलं होतं. त्यात भोकरच्या दोघी चुलत बहिणी होत्या, रेखा आणि वैशाली. एका खोलीवर राहायच्या, एका डब्यात जेवायच्या. वाऱ्यानं गच्चीवरची शेड उचकटली. एक पत्रा सुटून गरगरत खाली आला आणि रेखाच्या मानेत शिरला. वैशाली तिच्याकडं धावली. गार कपाळावर बसली तशी तीही आडवी झाली. रेखा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेली.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात क्लासच्या मालकांनी मला गाठलं. रेखाचे वडील शेजारीच भिंतीला टेकून उभे होते.

“सर, वरडलं कोण वो? पोरं म्हनून राहिलीत, कोन्या तरी पोरीचा आवाज होता.”

“वैशालीचा,” मी म्हणालो.

तिचंच नाव का? कारण ती बेशुद्ध होती. बाकीच्या सगळ्या शुद्धीवर होत्या, त्या नाही म्हणाल्या असत्या. दुसरं काही कारण नव्हतं.

जाग आली तेव्हा तिला त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. लोकांनी सांगितलं ते तिनं खरं मानलं. का नाही मानणार? सरांनी सांगितलं होतं. तिचं शिक्षण तिथंच थांबलं. घरात चुलती तिच्या हातचं पाणीही घेत नाही, असं भोकरच्या एका मुलानं मला वर्गात सांगितलं. मी फळ्याकडं वळलो आणि पुढचं गणित घातलं.

तो क्लास पुढं बंद पडला. मी नांदेडला माझा स्वतःचा काढला. चांगला चालला. बऱ्याच वर्षांनी एका सकाळी एक बाई मुलीला ॲडमिशनसाठी घेऊन आली. कपाळावर व्रण होता. मी ओळखलं, तरी ओळख दाखवली नाही. तिनंच नाव सांगितलं — आणि मुलीसमोर माझे पाय धरले.

“सर, मला तर त्या दिवसाचं कायबी याद न्हाई. पन माज्यामुळं रेखा गेली, अन् तुमचा क्लासबी बुडाला. लई दिसांपासून यायचं होतं. माफ करा मला.”

खोलीत आम्ही तिघंच होतो. तेव्हा तरी सांगता आलं असतं.

“जाऊ दे गं,” मी म्हणालो. “लहान होतीस. मी कधीच मनात ठेवलं नाही.”

ती खूप रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिला माफ केलं.