दमयंतीबाईंची कामशाळा

दमयंतीबाईंनी कॉलेजातली कायमची नोकरी सोडली, तेव्हा अकोले तालुक्यात दोन मतं पडली. एक मत असं, की बाईंना वेड लागलं. दुसरं असं, की वेड आधीपासूनच होतं, आता फक्त पगार थांबला. बाईंचे वडील विष्णुपंत दुसऱ्या मताचे. उभा जन्म त्यांनी डोंगराकडच्या शाळांत हेडमास्तरकी केली, गुरांमागे फिरणारी पोरं बखोटीला धरून वर्गात बसवली. कॉलेजची डिग्री म्हणजे त्यांच्या लेखी अर्धा मोक्ष. मुलीने राजूर रस्त्याला भाताची गिरणी काढली आणि डोंगरातला वासाचा तांदूळ पाकिटांत भरून पुण्या-नाशिकला धाडायला सुरुवात केली, तेवढं त्यांनी पचवलं. धंद्याला बरकत आली होती आणि बरकतीला नावं ठेवणं मास्तरांनाही जड जातं. पण त्याच गिरणीत ती कॉलेजला पर्याय काढणार म्हटल्यावर ते बरेच दिवस तिच्याशी वर्तमानपत्राच्या आडून बोलत होते.

पर्यायाचं नाव कामशाळा. बारावी झालेल्या पोरापोरींनी दीड वर्ष गिरणीत यायचं. सकाळी मशीन, वाळवण, साठवण. दुपारी हिशेब, जीएसटी आणि पुण्याच्या दुकानदाराशी फोनवर भावाची घासाघीस. फी नाही आणि डिग्रीही नाही. शेवटी ज्याने त्याने आपल्या गावात स्वतःचं काहीतरी उभं करायचं, कुणी रोपवाटिका, कुणी नाचणीची बिस्किटं, आणि ते उभं करायला बाकीच्यांनी इर्जिकीला जायचं. डोंगरातल्या माणसाला इर्जिक समजावून सांगावी लागत नाही. एकाच्या शेतात सगळ्या वाडीने राबायचं, मजुरी घ्यायची नाही, घरच्याने पोटभर जेवू घालायचं, मग पुढे दुसऱ्याचं शेत.

बाईंच्या डोक्यात हे सगळं शिरलं तेही एका इर्जिकीतच. तेव्हा त्या कॉलेजात व्यवस्थापन शिकवत होत्या. आदिनाथ नावाचा त्यांचा विद्यार्थी बी.कॉम.ला पहिल्या वर्गात पास झाला आणि त्याने बाईंना घरी बोलावलं. घर भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला. भाताची आवणी चाललेली. खाचरात सगळी वाडी वाकून रोपं लावत होती आणि आदिनाथ मात्र बांधावर कोरड्या पायांनी पाण्याची कळशी घेऊन उभा. शिकणाऱ्या पोराला चिखलात उतरवायचं नाही, हा त्याची आई गोजरबाई यांचा नेम. नवरा हनुमंत होता, पण घरातला शब्द गोजरबाईंचा. शाळेत मार्क पडायला लागले तसे पोराचे पाय जे वर उचलले, ते खाली टेकू दिलेच नाहीत. रोप चिमटीत कसं धरायचं हे त्याला येत नव्हतं, आणि नोकरी तर औषधालाही दिसत नव्हती. दुपारी राबलेल्या माणसांच्या आधी त्याला मानाने जेवायला बसवलं, बाईंना त्याच्या शेजारी. पोरगा खाली मान घालून जेवत होता. आपण हा मुलगा ना घरचा ना घाटाचा करून ठेवला, असं बाईंना वाटलं आणि परतीच्या जीपमध्ये त्या तोंडाला पदर लावून रडल्या.

पुढचा राजीनामा, गिरणी, उन्हातान्हातली वणवण, सगळं त्या रडण्यातून आलं. शिकवायचं तर आधी आपल्याला धंदा यायला हवा, म्हणून आधी गिरणी काढली आणि ती पायावर उभी राहिल्यावर कामशाळा. मागे वळून पाहणं हा बाईंचा स्वभावच नव्हता. त्यात गुण होता तशी खोडही होती, ते पुढे दिसलंच.

यंदा पहिल्या तुकडीसाठी पोरं गोळा करायची वेळ आली. त्या घरोघर फिरल्या. सगळीकडे चहा मिळाला आणि सगळीकडे ‘बघू’ मिळालं. गोजरबाईंची धाकटी मुलगी, आदिनाथची बहीण निकिता जाते का, इकडे वाडीचं लक्ष होतं. ती गेली तर बाकीच्या जाणार, नाहीतर कामशाळेला उद्घाटनाआधीच कुलूप. बाई मात्र निर्धास्त. आदिनाथ चाकणला एका गोदामावर वॉचमन आहे, डिग्री कपाटात आहे. या घराला आपण काय वेगळं सांगायचं?

गोजरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डिग्रीने नोकरी लागली नाही, हेही मान्य केलं. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, “ताई, तुमची ईरा बी औंदा बारावी झाली ना? ती येनार हाय का तुमच्या शाळंत?”

खोटं बोलणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, “नाही. तिचं पुण्याला इंजिनिअरिंगचं ठरलंय.”

“मग राग न्हाई मानायचा. तुमची पोर पडली तर खाली गादी हाय. माझी पडली तर खडक हाय. डिग्री म्हंजी तेवडंच आंथरून. फाटकं का असंना, घालू द्या मला.”

बाईंना राग आला नाही, लाज वाटली. गोजरबाईंचं चुकलं कुठे, हे त्या घाट उतरेपर्यंत शोधत होत्या आणि ते सापडत नव्हतं. इतरांच्या पोरांसाठी पर्याय आणि आपल्या पोरीसाठी पुणं, असं आपण कधी ठरवलं हेही त्यांना आठवेना. खरं तर कुणी ठरवलंच नव्हतं. आजोबांनी कॉलेजांची नावं काढली, बाप नगरला बँकेत होता त्याने मान डोलावली, आणि बाई त्या वेळी तांदळाच्या गाडीची वाट बघत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी घडलं ते सांगितलं. विष्णुपंतांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ‘लोकां सांगे ब्रह्मज्ञान’ एवढंच म्हणाले आणि मुलीचा चेहरा बघून पुढचा अर्धा भाग गिळला. मास्तर कडक होते, पण बापही होते.

बाई ईराकडे वळल्या. तिला कामशाळेत यायचंय का, असं त्यांनी सरळ विचारलं.

ईरा म्हणाली, “नाही आई. मला पुण्यालाच जायचंय. पण सगळ्या तालुक्यातल्या पोरांच्या दारात जाऊन आलीस आणि मला आज विचारतेयस. मी नाहीच म्हटलं असतं, तरी विचारायला हवं होतंस.”

त्या रात्री बाईंना एक गोष्ट आठवून फार वाईट वाटलं. तालुकाभर फिरून त्या पोरांच्या दारात गेल्या खऱ्या, पण बोलल्या सगळ्या आयांशी, बापांशी, चुलत्यांशी. निकिता तर समोरच उभी होती, चहाचे कप घेऊन. तिच्याबद्दल एवढं बोलणं झालं आणि तिच्याशी एक शब्दही नाही. पोरांना काय हवं ते कुणी विचारत नाही असं जे कॉलेज सोडलं, त्याचाच कित्ता त्या डोंगरात जाऊन गिरवत होत्या.

त्या पुन्हा वर गेल्या. गोजरबाईंना वाटलं, बाई आता गळ घालणार. बाईंनी त्यांची परवानगी मागितली आणि निकिताला समोर बसवलं. आधी कामशाळेचं सांगितलं, मग कॉलेजचं सांगायला घेतलं. राजीनाम्यानंतर पहिल्यांदाच त्या कॉलेजबद्दल बरं बोलत होत्या: ग्रंथालय, मैत्रिणी, परगावची हवा, डिग्रीमुळे उघडणाऱ्या सरकारी परीक्षा. कामशाळेत यातलं काहीच मिळणार नाही, हेही सांगितलं. मग विचारलं, तुला काय करायचंय?

निकिताने सवयीने आईकडे बघितलं.

“मला गिरनी शिकायचीय,” निकिता म्हणाली. “आन बी.ए. बाहेरून करंन.”

पोरगी पडली तर काय, असं गोजरबाईंनी बाईंनाच विचारलं. बाई समजावू लागल्या, की बाहेरून परीक्षा देता येते, तशी पडायची वेळ आलीच तर गिरणीत काम आहेच, आपण आहोतच.

“मी पडनारच,” निकिता मधेच म्हणाली, “हे तुमी दोघींनी कशावरून ठरवलं?”

गोजरबाईंनी बाईंना शाळा कधी सुरू होते ते विचारलं. सोमवारी पहिल्या एसटीने निकिता गिरणीवर आली.