गाडीवाली लॉरेन

टेकडीवरच्या त्या उभ्या चढाच्या गल्लीत लॉरेन नावाच्या दोन बायका होत्या. एक पोस्टातली, आणि दुसरी गाडीवाली. ही गोष्ट गाडीवालीची, म्हणजे लॉरेन मातुशाकची.

गाडी मुळात तिच्या नवऱ्याची, कॅझची. पोलादाच्या कारखान्यात जन्म घालवलेला माणूस एका हिवाळ्यात गेला आणि त्याची ती बदामी, लांबलचक गाडी दारात नुसती उभी राहिली. त्याच सुमारास चार घरं वर राहणाऱ्या फ्लॉसी ग्रॅबियाकची मूत्रपिंडं निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. एकदा फ्लॉसी दारात येऊन म्हणाली, "लॉरेन, मला पोचवशील का गं? दुसरं कोण आहे मला?" तेव्हापासून लॉरेनने स्टिअरिंग जे धरलं ते सोडलंच नाही. हळूहळू कुणाला चर्चला, कुणाला दाताच्या डॉक्टरकडे, कुणाला मयताला न्यायचं असलं की लोक तिचंच दार वाजवू लागले. पेट्रोलचे पैसे पुढे केले तर ती फटकारायची, "ठेव ते. माझ्या मयताला फुलं आण." उपकार करायची हौस दांडगी. घ्यायची वेळ आली की मात्र नाकावर माशी बसू द्यायची नाही.

चर्चच्या तळघरात शुक्रवारी पिरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, करायला बायका जमत. कणकेत बटाटा भरता भरता लॉरेन सगळ्यांना ऐकवायची, "मी नसते ना, तर फ्लॉसी केव्हाच वर गेली असती." फ्लॉसी समोरच बसून पिरोगीच्या कडा चिमटीने दाबत असायची.

आणि यंदा ती गाडी वार्षिक तपासणीत नापास झाली.

"मिसेस एम., इकडे बघा," गॅरेजवाल्या रीजिसने तिला वर उचललेल्या गाडीखाली नेलं आणि सांगाड्याला स्क्रूड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. "बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं खाऊन टाकलंय सगळं."

"मग वेल्डिंग कर."

"कशाला करू? धरायला पत्रा तरी शिल्लक हवा ना!"

"तुझ्या बापानं पास केली असती."

"केली असती की. आणि पुलावर अर्धी गाडी पुढे गेली असती, तुम्ही मागे राहिला असता. नाही जमायचं, मिसेस एम."

दुसरी गाडी घ्यायचं वय आणि ऐपत दोन्ही मागे पडलेली. रीजिसनेच सुचवलं, अन्नछत्राला देऊन टाका, ते मोडीत काढतात पण तेवढ्यात दहा लोक जेवतात. लॉरेनला ते पटलं. गाडी भंगारात गेली म्हणण्यापेक्षा दान केली म्हणणं बरं दिसतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

अन्नछत्रातल्या मुलीने फोनवर विचारलं, "गाडी चालते का?"

"चालते? पळते!"

"तपासणी पास आहे?"

"ते तू रीजिसला विचार," म्हणून लॉरेनने फोन आपटला.

सोमवारी दुपारी गाडी न्यायला ट्रक येणार होता. सकाळपासून बाईचा पाय एका जागी ठरेना. गाडी पुसून झाली, पायपुसणी झटकून झाली, पुन्हा गाडी पुसून झाली. चहा ओतला आणि तसाच सिंकमध्ये टाकला. गाडीचं दुःख होतंच, पण खरा घोर वेगळा होता. उद्या मंगळवार. फ्लॉसीला न्यायचं कसं? तिला अजून सांगितलंही नव्हतं. तोंडच होत नव्हतं. भाच्याला फोन केला, त्याला सुट्टी नाही. पाद्रीबाबांना केला, त्यांनी उचलला नाही. आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक प्रश्न होता, त्याच्याकडे ती बघतच नव्हती: फ्लॉसीला न्यायचं नसेल तर मंगळवारी आपण करायचं काय?

ट्रक आला. किल्ली देताना तिची मूठ उघडेना. ट्रकवाला भला होता, म्हणाला, "घ्या वेळ, आजी." त्या 'आजी'नेच मूठ उघडली. गाडी मागची चाकं उंचावून उतार उतरली आणि दिसेनाशी झाली.

गाडी बाहेर गेली की दारापुढची जागा राखायला स्वयंपाकघरातली खुर्ची रस्त्यात ठेवायची, हा टेकडीचा कायदा. लॉरेन आत गेली, खुर्ची घेऊन आली, बरोबर मधोमध ठेवली. हात झटकले आणि मग तिच्या लक्षात आलं. खुर्ची उचलायलाही तिला धीर होईना.

तेवढ्यात कठड्याला धरत, धापा टाकत फ्लॉसी उतरून आली आणि त्या खुर्चीवर रस्त्यातच बसली.

"गेली?"

"गेली. पण उद्याची मी करते काहीतरी सोय. टॅक्सी बघते. तू काळजी करू नकोस."

"मी कुठे करतेय? तूच सकाळपासून येरझारा घालतेयस. खिडकीतून बघतेय मी." फ्लॉसीने डोक्याचा रुमाल घट्ट केला. "रीजिसनं सांगितलं तेव्हाच फोन केला मी. हॉस्पिटलची व्हॅन येईल. सोबत एक माणूस चालतं. तुझं नाव दिलंय."

"व्हॅन? ही कधी सुरू झाली?"

"होतीच की."

"होतीच म्हणजे?"

"पहिल्यापासून होती. फुकट. दारापर्यंत."

"आणि इतकी वर्षं तू माझ्या गाडीतून..."

"जीव मुठीत धरून! खालच्या वळणावर तू ब्रेक कुठे लावायचीस, नुसती देवाचं नाव घ्यायचीस. दार धरून धरून माझं मनगट गेलं."

"मग बसायचीस कशाला मरायला?"

फ्लॉसीने मनगट चोळलं. मग म्हणाली, "कॅझ गेल्यावर तू दुपारपर्यंत गाऊनमध्ये असायचीस, लॉरेन. पडदेसुद्धा उघडत नव्हतीस. म्हटलं, हिला सकाळी कुणीतरी घराबाहेर काढायला हवं. तेवढ्यात माझी किडनी गेली. बरं झालं."

लॉरेनला आधी संताप आला. आपण मोठेपणा मिरवत होतो आणि ही मुकाट्याने मिरवू देत होती. मग चर्चचं तळघर आठवलं आणि तिचे कान तापले.

"तळघरात मी जे म्हणायचे, ते तू... ऐकत होतीस?"

"किडनी गेलीय माझी, कान नाहीत गेले."

मंगळवारी जायचंच नाही असं लॉरेनने पक्कं ठरवलं होतं. तरी उजाडताच तिने पडदे उघडले, कोट चढवला, आणि व्हॅनला उभं राहता यावं म्हणून खुर्ची आत नेऊन ठेवली.

व्हॅनच्या तरुण ड्रायव्हरने खाली उतरून दोघींकडे पाहिलं. दोघींचे केस पांढरे, दोघींच्या हातात पर्सा.

"पेशंट कोण यातलं?"

"ही," फ्लॉसीने लॉरेनकडे बोट केलं. "मी आपली सोबतीला."

लॉरेनने पर्स काखेत मारली आणि ड्रायव्हरने पुढे केलेला हात धरून ती व्हॅनमध्ये चढली.