साहेब चौथे की सातवे

व्यवस्थापन महाविद्यालयातल्या बाईंची देवाशी ओळख जेमतेमच. भांडण नव्हतं, पण येणंजाणंही नव्हतं. तरी व्यवस्थापनातलं अध्यात्म आणि धर्म असा विषय घेऊन पीएचडीला बसलेला प्रत्येक जीव शेवटी त्यांच्याच खोलीत येऊन पडायचा. कारण ज्या बैठकीत हा विषय कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता, त्या दिवशी बाई रजेवर होत्या. गैरहजर माणसाचा गळा नेहमीच सोयीचा असतो.

सासूबाईंना याची फार गंमत वाटायची. "स्वतः कधी हात जोडत नाहीस, आणि लोकांना देवावर डॉक्टर करतेस!"

"अहो आई, मी देव तपासत नाही. त्याचं नाव घेणारे कामावर कसे वागतात ते तपासते."

"मग जन्मभर पुरेल हो तुला काम."

बाईंची खोली जिन्याखाली होती. वरून कुणी उतरलं की छत धडधडायचं आणि विद्यार्थ्याचं चैतन्यावरचं वाक्य अर्ध्यात तुटायचं. बाईंना ते बरंच वाटे. 'कार्यालयात दिव्य ऊर्जा पसरली' असं कुणी लिहिलं की समासात त्या लिहायच्या, 'कुणी पाहिली?' जीभ तिखट, पण एकेक प्रकरण तीनतीनदा वाचायच्या. मुलाखत घ्यायलाही शिकवायच्या. "प्रश्न विचारला की गप्प बसायचं. उत्तरही तूच देणार असशील तर आरशाची मुलाखत घे."

सध्याचा विद्यार्थी पंप बनवणाऱ्या कंपनीत गोदाम सांभाळायचा. बोलणं इतकं मऊ की सगळे त्याला कापूसच म्हणत. रोज प्रार्थना करणारा वरिष्ठ हाताखालच्यांशी चांगलाच वागतो, असा कापसाचा भाबडा सिद्धांत होता. त्यासाठी त्याने दहा वरिष्ठांच्या आणि त्यांच्या हाताखालच्यांच्या मुलाखती घेतल्या. नावांऐवजी आकडे दिले. सातव्याची माणसं म्हणाली, हा चुकला तर सगळ्यांसमोर चूक कबूल करतो. चौथ्याची म्हणाली, "साहेब डोळे मिटून ध्यान करतात. उघडले की समोर दिसेल त्याचा उद्धार! म्हणून त्या वेळेला आम्ही कपाटामागे उभे राहतो."

हा चौथा म्हणजे कापसाचाच साहेब.

बाईंचा एक नियम होता. ज्याच्याविषयी लिहिलं, त्याला ते आधी दाखवायचं. तो नको म्हणाला तर काढायचं. आणि चौथा काढला तर प्रबंधात उरणार काय? प्रार्थना दोघांचीही सारखीच, वागणं मात्र उलटं, हाच तर सगळ्या अभ्यासाचा कणा. प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आलेली.

कापूस साहेबांना लिखाण दाखवून परत आला तो उड्या मारतच. "मॅडम, साहेबांना सगळं मान्य आहे!"

"चौथा मान्य?" बाई खुर्चीत सरळ झाल्या.

"म्हणजे... मी अख्खं प्रकरणच दिलं वाचायला. ते कितवे हे सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना वाटतंय ते सातवे आहेत."

"आणि चौथा कोण म्हणे?"

"खरेदी विभागाचे प्रमुख. साहेब पोट धरून हसले."

बाईही पोट धरून हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "आता जाऊन खरं सांग."

"मॅडम, होकार मिळालाय की!"

"सातव्याचा होकार चौथ्याकडून आणलास. तो काय कामाचा?"

"नोकरी जाईल माझी!"

"आणि नाही सांगितलं तर अध्यात्मावरचा प्रबंध थापेवर उभा राहील. देव करेल माफ. मी नाही करणार."

कापसाचा चेहरा पिंजल्यासारखा झाला. त्याने फोन काढला आणि तसाच परत खिशात सरकवला. त्यांनी स्वतःचा उचलला, साहेबांना लावला आणि आवाज मोठा ठेवला. "आमच्याकडून एक चूक झाली. तुम्हाला कितवे ते सांगायचं राहिलं. तुम्ही सातवे नाही, चौथे आहात. नको असेल तर काढून टाकतो. पण याचा राग त्या मुलावर काढू नका, मार्गदर्शक मी आहे."

छतावरून कुणीतरी धडधडत उतरून गेलं.

"म्हणजे ते कपाटामागे..." साहेब म्हणाले. "मला वाटायचं, माझं ध्यान मोडू नये म्हणून लांब थांबतात."

बाई शिकवल्याप्रमाणे गप्प बसल्या.

"सातवा कोण?"

"ते सांगता येत नाही."

"आमच्याच कंपनीतला?"

"तेही सांगता येत नाही."

"तो मुलगा तिथेच आहे ना?"

"आहे." कापसाने डोळे घट्ट मिटून घेतले.

"त्याला म्हणावं, चौथा राहू दे." साहेबांनी घसा खाकरला. "मात्र मी खुर्चीत बसून ध्यान करतो असं लिहिलंय त्याने, ते साफ खोटं आहे. मी खाली जमिनीवर बसतो. तेवढं दुरुस्त करा."

"आम्ही लगेच करतो," म्हणत बाईंनी फोन ठेवला आणि कापसाला कोपराने ढोसलं. "उघड डोळे. ते वाक्य कुठल्या पानावर आहे?"